मिनिटाला पाच शब्द

ज्वारीची काढणी आणि परीक्षा आमच्याकडं एकाच वेळी येतात. हे ज्यानं ठरवलं त्याच्या घरी शेतही नसणार आणि शिकणारी मुलगीही नसणार. यंदाही तेच. निम्मा वर्ग सकाळी उशिरा येतो, अंगाला ज्वारीची कूस लागलेली, माना खाजवत, आणि मी फळ्यावर वर्गसमीकरणं लिहिते. रागवत नाही. त्याचा उपयोग नसतो. त्याऐवजी शनिवारी जादा तास घेते.

काल त्यातल्या एकीनं विचारलं, "बाई, तुम्ही कधी राखण केली का ओ?"

"केली की. अख्खा हंगाम केली. वर परीक्षाही दिली."

"मॅट्रिकची?"

"नाही. वायरलेसची."

वर्ग हसला. मी चेष्टा करते असं त्यांना वाटलं. मी चेष्टा करत नाही हे एव्हाना त्यांना माहीत असायला हवं होतं.

साठ सालच्या आसपासचा माघ-फाल्गुन. आमचं शेत येडशी स्टेशनच्या अलीकडं, पायवाटेला लागून. मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक पास, आणि घरी. स्थळं यायची, जायची. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी स्टेशनच्या क्वार्टरांत दुधाचा रतीब घालायचा आणि नंतर दिवसभर मचाणावर बसून ज्वारीवरची पाखरं हाकायची, हे माझं काम. भोरड्यांचे थवे यायचे. आकाशात काळा फडका झटकल्यासारखे दिसत आणि एका शेतात उतरले की अर्ध्या तासात कणसं रिकामी. एका हातात गोफण, शेजारी रॉकेलचा रिकामा डबा आणि बडवायला दांडकं. पाखरं भित्री असतात असं लोक म्हणतात, ते राखण न केलेले लोक.

स्टेशनवर तारेचं काम बघायचे ते करीमचाचा. तरुणपणी रेल्वेच्या तारेवर, मधली काही वर्षं निजामाच्या सरकारी वायरलेसवर, आणि मग पुन्हा रेल्वेत. उंच, वाकलेले, कानांवर पांढरे केस. एका सकाळी मी दूध घेऊन गेले तर चाचा व्हरांड्यात डोळे मिटून बसलेले, कानावर हेडफोन. मी दूध ओतलं तरी हलले नाहीत. चाची सुपात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज देऊ नको. ते इथं न्हाईत."

चाचांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि हेडफोनची एक वाटी माझ्या कानाला लावली. आत बारीक शिट्ट्या. तुटक, मध्ये खरखर.

"कोण हाय हे?"

"कोलंबोचा कुणी शौकीन. डॉक्टर असंल, मास्तर असंल. इचारतोय, कुणी हाय का, कुणी हाय का."

"मग सांगा की, हाय म्हणून."

चाचा हसले. "बेटी, ऐकायची परवानगी हाय. बोलायची न्हाय. बोलायला परवाना लागतो."

मला ते फार विचित्र वाटलं. कुणी दारात उभं राहून 'आहे का कुणी' म्हणून विचारतंय आणि आपण आत बसून नुसतं ऐकतोय. आमच्या घरी असं केलं असतं तर आईनं पाठीत घातली असती. दिवसभर मचाणावर तेच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी दूध ओतायच्या आधी मी विचारलं, "परवाना कसा मिळतो?"

परीक्षा असते, चाचा म्हणाले. एक लेखी पेपर, विजेचा आणि यंत्राचा. शिवाय मोर्सची तार ऐकून उतरवायची आणि हातानं पाठवायची, मिनिटाला पाच शब्द या वेगानं. चाचा ती परीक्षा कधीच पास झाले होते. बोलायचं यंत्रही त्यांनी स्वतः जोडलं होतं, लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातून. ते कोपऱ्यात स्टुलावर होतं, वर उशीचा अभ्रा घातलेला. चार वर्षं झाली होती करून. त्याला एरियल लावली नव्हती, एकदाही.

"का?"

"पोलिसाचा रिपोर्ट यायचा हाय. फारमात इचारलं होतं, आधी कुठं काम केलं. म्या खरं ते लिहिलं, निजामाच्या वायरलेसवर. दोन बार अर्ज केला. फाईल फिरतीया." गाडी दोन तास लेट आहे हे सांगावं त्या सुरात त्यांनी हे सांगितलं.

"आणि नुसतंच बोलून बघितलं तर?"

चाचांच्याऐवजी चाची बोलल्या. "बोलून बघितलं तर ह्यांना न्हेतील आन् मी डबा घिऊन तुरुंगाच्या दारात. माझं गुडघं दुखतात, मला जमायचं न्हाय."

चाचा ज्येष्ठात निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि परांड्याला मुलीकडं राहायला जायचं. जावई सरकारी नोकरीत. बिनपरवान्याचं बोलायचं यंत्र त्याच्या घरात नेणं चाचांना मंजूर नव्हतं. उद्या कुणी विचारलं तर त्या पोराच्या नोकरीवर येईल. म्हणून निघायच्या आधी यंत्र उकलून भाग भंगारात द्यायचे, असं त्यांचं ठरलं होतं. हेही गाडीच्या वेळेसारखंच सांगितलं. पण सांगताना अभ्र्याची सुरकुती हातानं सारखी केली.

"माझ्याकडं परवाना असला तर ते माझ्याकडं राहील का?" मी विचारलं.

"राहील."

"मग मी परीक्षा देते."

परीक्षा फाल्गुनाच्या शेवटी हैदराबादला होती. त्यानंतरची पुढच्या वर्षी, म्हणजे भंगारवाला येऊन गेल्यावर. चाचांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"इंग्रजी येतं?"

"मॅट्रिकपुरतं."

"हात दाव." त्यांनी माझं मनगट धरून हलवलं, वैद्य बघतो तसं. "गोफण मारतीस?"

"मारते."

"मंग जमंल."

आमचे वडील, आबा, यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, राखण कोण करणार? दुसरा, हैदराबादला संगं कोण जाणार? पहिल्याचं उत्तर मी, दुसऱ्याचं ते स्वतः. आई म्हणाली, "तारंची परीक्षा देऊन पोरगी करणार काय?" आबा म्हणाले, "न्हाय दिली तर काय करणार हाय? पाखरंच हाकणार ना? मंग दिऊ दे." आमच्या घरात यापेक्षा मोठी चर्चा कधी कुठल्या विषयावर झाली नाही.

शिकायला सुरुवात झाली ती रेल्वेच्या पद्धतीनं. चाचांकडं तारेचं एक जुनं यंत्र होतं, पितळी. आपण चावी दाबली की त्याची दांडी खाली पडून 'कट्ट' वाजते, सोडली की वर जाऊन 'कड' वाजते. आवाज एवढे दोनच. दोन्हींच्या मधे वेळ थोडा असला तर ते टिंब, जास्त असला तर रेघ. टिंब आणि रेघांची एकेक जुळणी म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर. वायरलेसमधे हेच शिट्टीत असतं, तोकडी शिट्टी आणि लांब शिट्टी. पण चाचांचा हेडफोनचा सेट ॲसिडच्या बॅटरीवर चालायचा. ती धाराशिवला पाठवून भरून आणावी लागे आणि त्या वेळी ती तिकडंच अडकली होती. पितळी यंत्राला साधे सेल पुरत. तेव्हा कट्ट-कड.

दुपारची गाडी गेली की मी मचाणावर आईला बसवून तासभर चाचांकडं जायची. चाची तांदूळ, डाळ, जे असेल ते निवडत बसलेल्या असायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तीस वर्षं स्टेशनाच्या आवाजात काढलेली. मी अक्षर चुकवलं की सुपातून मान वर न करता म्हणायच्या, "हे न्हवं." कुठलं ते त्यांना सांगता यायचं नाही, पण हे नव्हे एवढं नक्की कळायचं.

चाचा शिक्षक म्हणून चांगले होते. चांगले म्हणजे बोलायचे कमी. "हात सैल." "जल्दी कायकू?" "पुन्हा." पंधरा दिवसांत सगळी अक्षरं आली. पण तासभरानं काही होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आता तर रोजच दिसतं. सरावाला दिवस हवा. दिवस मचाणावर होता. मग मी एक युक्ती केली. दांडक्याचा एक ठोका डब्यावर, दुसरा मचाणाच्या खांबावर. डबा म्हणजे कट्ट, खांब म्हणजे कड. अख्खा दिवस मी डबा-खांब, डबा-खांब करत इंग्रजीच्या जुन्या पुस्तकातले धडे पाठवत बसले. मला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक वाटलं. चाचांना सांगितलं तर तेही खूश. "हौ, बरोबर हाय. यंत्र कशाला पायजे."

पाखरांचा गैरसमज दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की ही बाई दगड मारत नाही, मजकूर पाठवते. भोरड्या मचाणापासून दहा हातांवर बसून कणसं खायला लागल्या. आई भाकरी घेऊन आली आणि वाटेतूनच ओरडली, "शालन! अगं पाखरं बसलीत की! डबा बडवतीस का भजन करतीस?" मग मी एक ओळ पाठवायची आणि पुढची ओळ आठवेपर्यंत गोफणीनं चार दगड, अशी वाटणी केली. त्या वर्षी आमच्या ज्वारीचं नेहमीपेक्षा जास्त नुकसान झालं नाही. थोडं झालं.

मला तो हंगाम अंगानं आठवतो, मनानं फारसा नाही. मचाणाचे दोर पायाला काचायचे. उन्हात कडब्याचा गोडूस वास यायचा. पाणी लोट्यात गरम व्हायचं. खाली ज्वारी वाऱ्यानं हलली की कोरड्या पानांचा आवाज यायचा आणि त्या आवाजात मला अक्षरं ऐकू यायला लागली होती. आई जात्यावर बसली की ऐकू यायची. बैलगाडी दगडावरून गेली की ऐकू यायची. हे काही काव्य नव्हे. पाढे पाठ करणाऱ्या मुलांना झोपेत पाढे ऐकू येतात, तसंच. माझा वेग मिनिटाला आठ शब्दांवर गेला होता आणि हवे होते पाच. मी निर्धास्त होते.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले तेव्हा बॅटरी भरून आली. चाचांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला, चकती फिरवली आणि एक संथ पाठवणारं स्टेशन शोधून दिलं. "लिही."

मी कागदावर पेन्सिल टेकवली आणि तशीच बसले. शिट्ट्या येत होत्या. तोकड्या, लांब, सगळ्या. कोलंबोवाला ऐकला होता त्या पहिल्या सकाळी जशा ऐकू आल्या तशाच. एक अक्षर नाही. मला वाटलं कुठली तरी वेगळी लिपी आहे.

चाचांनी दुसरी वाटी स्वतःच्या कानाला लावली. "एस," ते म्हणाले. "टी. ए." मी त्यांच्याकडं बघत होते. ते थांबले. हेडफोन काढला. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अक्कल गेली माझी. शिट्टी आन् कट्ट मला एकच वाटतं. तीस साल झाले. तुला येगळं वाटंल, हे डोक्यातच आलं न्हाय."

चूक माझीही होती. महिनाभर डब्यावर जे पक्कं केलं ते मीच केलं. मला दोन ठोक्यांच्या मधली शांतता मोजायची सवय लागली होती आणि परीक्षेत नेमक्या त्या जागी शिट्टी भरलेली असणार होती. कान शांतता शोधत होता आणि ती कुठं नव्हतीच. आमच्या शेतात आणि आमच्या स्टेशनात राहूनच हे असं चुकणं शक्य होतं.

बॅटरी रोज तासभर वापरली तर आठवड्यात संपणार. चाचांनी आतून गार्डाची एक जुनी शिट्टी आणून दिली. "घरी कुणाला तरी फुकायला लाव. टिंब आन् रेघ लिहून दे, ते बघून फुकंल."

फुंकणार कोण, तर आबा. त्यांनी कागद मचाणाच्या खांबाला टोचला, डोळे बारीक केले आणि जोरात शिट्टी मारली. त्याच वेळी पायवाटेनं चार-पाच माणसं गाठोडी घेऊन स्टेशनकडं निघाली होती. शिट्टी ऐकली आणि सगळी धावत सुटली. गाडीला अजून पाऊण तास होता. आबांनी पुढचं अक्षर फुंकलं, माणसं आणखी जोरात पळाली. एका म्हातारीचं गाठोडं सुटून बोरं वाटेवर सांडली. खरं काय ते कळल्यावर ती परत फिरून बांधावर आली आणि आबांना म्हणाली, "मेल्या, एवढा घोडा झालास, शिट्ट्या मारतोस? बाया-माणसं येत्यात-जात्यात!" पन्नाशीतल्या माझ्या वडिलांना असं त्याआधी कुणी बोललं नसेल. ते खाली उतरले आणि तिची बोरं वेचू लागले. त्यानंतर शिट्टीच्या तोंडात कापडाची चिंधी कोंबून ती वाजवली गेली.

पाच-सहा दिवस काही सुधारणा नाही. मग एका दुपारी, आबांची शिट्टी चालू असताना, हातात दांडकं होतं म्हणून मी सहज शिट्टी सुरू झाली की डब्यावर ठोका दिला आणि संपली की खांबावर. आणि अक्षर कळलं. पुढचंही कळलं. शिट्टीला आत काय आहे ते ऐकायचं नाही, तिची सुरुवात आणि शेवट तेवढा पकडायचा, म्हणजे माझं कट्ट-कड परत मिळतं. डबा बाजूला ठेवून मी बोटानं गुडघ्यावर ठोके द्यायला लागले. मंद गतीत जमायचं. आठवर जमत नव्हतं, सहावर कसंबसं. पाचवर जमत होतं.

चाचांना दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हे गलत हाय, बेटी. तू शिट्टीचा तर्जुमा करतीस. शिट्टी सीधी ऐकायला पायजे."

"पंधरा दिवसांतले आठ राहिलेत, चाचा."

"हौ." ते थोडा वेळ गुडघ्यावरच्या माझ्या बोटाकडं बघत राहिले. "पास होशील. पर ही आदत जाणार न्हाय. जल्दी पाठवणारा भेटला की तू अडकशील."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

मी तेव्हाही अशीच होते.

हैदराबादला आम्ही नळदुर्गवरून एसटीनं गेलो. आबांनी फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून घेतली होती. निजामाच्या काळात जमिनीच्या कज्ज्यासाठी ते एकदा तिथं जाऊन आले होते, त्यामुळं वाटेत प्रत्येक गोष्ट 'आता बदललं' म्हणून दाखवत होते. परीक्षेच्या खोलीत दहा-बारा पुरुष आणि मी. परीक्षक म्हातारे गृहस्थ. त्यांनी मला दोनदा विचारलं की मी बरोबर खोलीत आले आहे का. मी दोनदा हो म्हटलं. लेखी पेपरात मी जेमतेम पास होणार हे लिहितानाच कळलं. विजेपेक्षा तिचं इंग्रजी अवघड होतं.

हातानं पाठवणं सोपं गेलं. मग हेडफोन. पाच मिनिटं मजकूर येणार आणि त्यातलं सलग एक मिनिट तरी एकही चूक न होता उतरायला हवं. पहिली दोन मिनिटं गेली ती गेलीच. शिट्टी बारीक होती, आबांच्या शिट्टीसारखी भरड नव्हती, आणि टेबलाखाली गुडघ्यावर ठोके देताना मला लाज वाटत होती. शेजारचा माणूस बघत होता. तिसऱ्या मिनिटाला मला स्टुलावरचा तो अभ्रा घातलेला सेट दिसला आणि भंगारवाल्याचा तराजू दिसला. मी हात टेबलावर घेतला आणि सगळ्यांसमोर बोटानं ठोकायला लागले. परीक्षकांनी वर बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडं. उरलेली तीन मिनिटं मी उतरवली. काय लिहिलं ते वाचलंसुद्धा नाही.

बाहेर आबा व्हरांड्यात बसले होते. "झालं?"

"झालं."

"आलं का?"

"तीन मिनिटं आलं."

"मंग भाकरी खाऊ," ते म्हणाले.

निकालाचं पत्र वैशाखात आलं. मी ते चाचांकडं नेलं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि चाचींना म्हणाले, "भंगारवाल्याला सांगा, नक्को." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेट उकलायला घेतला. परवाना हातात येईपर्यंत तो दुसऱ्याच्या घरात अखंड ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम. एकेक भाग काढून माझ्या हातात द्यायचे, मी नाव सांगायचं, कागदात गुंडाळायचं. महिनाभर तेच. उकलणं शिकवता शिकवता त्यांनी मला जोडणं शिकवलं. ज्येष्ठात ते परांड्याला गेले, आणि दोन दुरड्या भरून सेट आमच्या घरी आला.

पोलिसाचा माणूस श्रावणात चौकशीला आला. हवालदार. खाटेवर बसून त्यानं विचारलं, "पोरगी काय करती?"

"पाखरं हाकती," आबा म्हणाले.

"आन् वायरलेस कशाला पायजे?"

"उत्तर द्यायला," मी म्हणाले.

"कुणाला?"

"जो विचारंल त्याला."

हवालदारानं थोडा विचार करून वहीत 'छंद' असं लिहिलं आणि ताक पिऊन गेला. दिवाळीच्या आत परवाना आला. चाचांच्या फाईलला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते माझ्या फाईलला एका ताकात जमलं. यावर मी तेव्हा विचार केला होता आणि अजूनही करते. निष्कर्ष काढायला अवघड नाही. बोलायला अवघड आहे.

मी सेट जोडला. तीनदा चुकला, चौथ्यांदा चालला. एरियल आंब्याला बांधली. कोलंबोवाला पुन्हा काही भेटला नाही, पण इतर भेटले, मद्रासचा एक दातांचा डॉक्टर, कलकत्त्याचा एक म्हातारा. सगळे माझ्यासाठी हळू पाठवायचे. परांड्यात चाचा ऐकण्याचा सेट लावून बसायचे आणि नंतर पोस्टकार्ड यायचं. 'रविवारचं ऐकलं. तुझी रेघ आखूड पडते. मद्रासवाल्याला थांबायला लावलंस ते बरं केलं नाहीस.' त्यांना ऐकू यायचं, उत्तर देता यायचं नाही. उत्तर पोस्टानं यायचं, चार दिवसांनी.

हे मला सहन होईना. मी परांड्याला गेले आणि त्यांना तिसरा अर्ज करायला लावला. त्यांची इच्छा नव्हती. अर्जाला अर्जदाराला ओळखणाऱ्या दोघांची पत्रं जोडायची होती. एक त्यांच्या जावयाच्या ओळखीच्या वकिलानं दिलं. दुसरं मी लिहिलं, परवानाधारक म्हणून, परवान्याच्या क्रमांकासकट. 'अर्जदारांना मी चांगली ओळखते. त्यांची वर्तणूक चांगली असून ते विश्वासू आहेत.' मी वीस वर्षांची, ते साठीला आलेले. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला.

"बस? एवढंच?"

"फारमात एवढीच जागा आहे, चाचा."

"तर मी विश्वासू हाय."

"कागदावर आहे आता."

चाची आतून म्हणाल्या, "माझ्याकडनं न्हाय घेतलं लिहून. मी दिलं नसतं."

तो कागद घेऊन मी स्वतः कचेरीत गेले, आणि नंतर दर महिन्याला जात राहिले. बसायला बाकडं होतं, त्यावर बसून मी वह्या तपासायची. तोवर मी शाळेत लागले होते. माझ्या पत्रानं काम झालं असं मी म्हणत नाही. एखाद्या टेबलावरचा माणूस बदलला असेल. मला सारखं दारात बघून कुणी कंटाळलं असेल. वर्षभरानं फाईल फिरायची थांबली आणि चाचांना परवाना आला. नवा सेट त्यांनी आठ दिवसांत उभा केला असणार, कारण नवव्या दिवशी पोस्टकार्ड होतं. 'रविवारी दुपारी चार.'

त्या रविवारीही ज्वारी उभी होती. मी हेडफोन घातला. चारला त्यांची खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरं, आली, मग माझी, सावकाश, व्हरांड्यात शिकवायचे तशी. मी उत्तर दिलं. ऐकू कसं येतंय ते त्यांनी कळवलं, मी कळवलं. हे सगळेच करतात. मग ते थोडं थांबले आणि सुरू झाले.

मी बोट गुडघ्यावर ठेवून पेन्सिल टेकवली. पाच अक्षरं उतरली, सहावं हुकलं, सातवं शोधेपर्यंत दोन शब्द पुढं गेले. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे वेगळं काढायला जागाच नव्हती. चाचांचा खरा वेग मी तोवर कधी ऐकलाच नव्हता. मला शिकवताना ते माझ्या वेगानं पाठवायचे, स्टेशनात पलीकडच्याच्या वेगानं. हा त्यांचा स्वतःचा होता. मी पेन्सिल खाली ठेवली. मराठी होतं, उर्दू होतं की रेल्वेचं इंग्रजी, तेही मला सांगता येणार नाही. दोन मिनिटं चाललं असेल, कदाचित तीन. मधे ते एकदाही अडखळले नाहीत.

मग थांबले. आणि पुन्हा माझ्या वेगानं, एकेक अक्षर सुटं करून, विचारलं, मिळालं का?

रेल्वेत अर्धवट मिळालेल्या मजकुराला 'मिळाला' म्हणणाऱ्याची नोकरी जाते, कारण त्यानं दोन गाड्या समोरासमोर येऊ शकतात. कागदावर माझ्यासमोर पाच अक्षरं होती. मी कळवलं, मिळालं, सगळं मिळालं.